हुशार पोराला वर्गात त्रास होतोय? घरी काय करायचं, शाळेत कसं बोलायचं

जुलै-ऑगस्टमधे पहिली घटक चाचणी झाली, पेपर वाटून झाले की आठवड्याभरात कोणीतरी पालक स्टाफरूमच्या दारात येतातच, मॅडम जरा पाच मिनिटं बोलायचंय. पोरगं हुशार, वीसपैकी वीस, पण सकाळी उठलं की पोटात दुखतं म्हणतं आणि रविवारी एकदम ठणठणीत. डॉक्टर झाले, सोनोग्राफी झाली, काही निघालं नाही. मग हळूहळू कळतं की मुलं ए स्कॉलर, ए चष्मिष, मॅडमचा चमचा असं म्हणतात, डबा लपवतात, व्हॅनमधे शेजारी बसू देत नाहीत. आणि आई लगेच म्हणते, जळतात हो मॅडम त्याच्यावर.

मी पाचवी ते आठवीला गणित शिकवते, ज्यांच्या घरात हे चालू आहे त्यांच्यासाठी लिहितेय. जळतात हे उत्तर सोपं आहे पण बहुतेक वेळा अर्धवट आहे. कारण प्रत्येक बॅचमधे एखादा पहिला येणारा असाही असतो जो क्रिकेटमधे ओपनिंगला जातो, गॅदरिंगला नाचतो, पीटीच्या सरांची पण टिंगल करतो, आणि त्याच्या वाटेला कोणी जात नाही. मार्क त्यालाही आहेतच की. त्रास होतो तो मार्कही आहेत आणि सोबत कोणी नाही अशा पोराला, आणि त्यात मोठ्यांनी त्याचं नाव घेऊन बाकीच्यांना सुनावलेलं असलं की मग बघायलाच नको. शेवटची गोष्ट आपण करतो, तुम्ही आणि आम्ही दोघं, म्हणून सुरुवात तिथून करू.

वर्गात काय होतं ते बघा. पेपर वाटताना आम्ही जास्त मार्कांपासून खाली येतो, शेवटचे चार पेपर हातात राहतात तेव्हा ते कोणाचे हे साठ पोरांना आधीच माहीत असतं. मग वाक्य येतं, अरे तो बघा, तो पण याच वर्गात बसतो ना, त्याला कसं जमतं? किंवा ऑफ तासाला मॉनिटर म्हणून हुशार पोरीला उभं करायचं, बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिही. ती बिचारी इमानदारीत लिहिते, खडू दाबून, नावापुढे फुल्या मारत जाते, मागच्या बाकावरचा एकजण हळू आवाजात म्हणतो माझं नाव पूस, ती पुसत नाही. मॅडम येतात, नावं वाचतात, सगळ्यांना बाकावर उभं करतात, बेल होते, मॅडम जातात स्टाफरूममधे चहाला. पुढची वीस मिनिटं मधल्या सुट्टीची असतात आणि ती पोरगी एकटी त्या सगळ्यांच्यात असते. तिला आपण आपल्या सोयीसाठी शिपाई केलं, पगार मात्र तिला असा मिळतो.

घरी वेगळं नाही. पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रिझल्टचा फोटो टाकायचा, सोसायटीत काकू म्हणतात आमच्या बंड्याला जरा शिकव गं तुझ्यासारखं, आणि बंड्या तिथेच उभा. त्या बंड्याला घरी रात्री जे ऐकावं लागतं ना, ते दुसऱ्या दिवशी शाळेत कोणावर तरी निघणार, आणि कोणावर निघणार हे आपणच दाखवून ठेवलेलं असतं. तुमचं पोरगं म्हणजे बाकीच्यांना मारायची छडी झालंय, आणि छडी वर्गात एकटी सापडली तर पोरं ती मोडणारच. त्रास देणाऱ्याची बाजू घेत नाहीये मी, त्याला समज मिळायलाच पाहिजे, पण हे समजून घेतल्याशिवाय पुढचं काही कामाला येत नाही.

म्हणून पहिलं काम आजच, फुकटातलं. रिझल्टचे फोटो ग्रुपवर टाकणं बंद. दुसऱ्याच्या पोराला ऐकू जाईल असं आपल्या पोराचं कौतुक बंद, घरात करा की भरपूर. वर्गशिक्षकांना साधं सांगा की मॅडम, तिला वह्या तपासायला, नावं लिहायला, गृहपाठ गोळा करायला लावू नका, दर आठवड्याला मॉनिटर बदला. आणि माझ्यासारख्या शिक्षकांसाठी, पेपर हजेरी क्रमांकाने वाटा, पालथे ठेवून. सोपं आहे, वेळही जास्त जात नाही.

वयाचाही भाग आहे. आपल्याकडे चौथीनंतर कितीतरी मुलांची शाळा बदलते, जिल्हा परिषदेच्या शाळेतून हायस्कूलला, छोट्या वर्गातून साठ-सत्तरच्या तुकडीत. जुने मित्र तुटतात, नवे अजून झालेले नसतात, आणि पाचवी-सहावी-सातवीत कोण कोणाच्या गटात हे ठरवायची पोरांना फार घाई असते. अमेरिकेत पर्ड्यू युनिव्हर्सिटीच्या लोकांनी 2006 साली एक अभ्यास छापला, वेगवेगळ्या राज्यांतली 432 हुशार म्हणून निवडलेली आठवीची मुलं, त्यांतल्या 67 टक्के मुलांना तोवर कधी ना कधी कसला तरी त्रास झालेला होता, सगळ्यात जास्त सहावीत, आणि मुख्य प्रकार नावं पाडून चिडवणं, दिसण्यावरून बोलणं. आता यावरून हुशारांनाच जास्त त्रास होतो असं समजू नका, अभ्यासात मागे असणारी, जाड, तोतरी, सगळीच पोरं भोगतात. फक्त हुशार पोराचं लवकर दिसत नाही कारण त्याचे मार्क चांगले येत असतात आणि आपण मार्क बघून निश्चिंत असतो.

आता जरा नाजूक. काही पोरांच्या स्वतःच्या सवयी पण असतात. दुसरा उत्तर देत असताना मधेच चूक काढणं, प्रत्येक प्रश्नाला हात वर आणि तोंडाने मॅडम मी मॅडम मी, सोपा पेपर होता रे असं नापास झालेल्यासमोर म्हणणं. मुद्दाम नाही करत, त्यांना खरंच सोपा गेलेला असतो. हे घरी प्रेमाने सांगा, पण त्रासाबद्दल बोलणं चालू असताना नाही, वेगळ्या दिवशी, नाहीतर पोराला ऐकू येतं की चूक माझीच.

आणि एक प्रकार वेगळाच ओळखा. गावाकडून आलेली पोरगी आहे, बोली वेगळी आहे, किंवा पोरगं आरटीईच्या 25 टक्क्यांतून इंग्लिश मीडियमला आलंय आणि पहिलं येतंय, आणि टोमणे मार्कांवर सुरू होऊन आडनावावर, जातीवर, बाबा काय करतात यावर जातात. तिथे हुशारी हे निमित्त आहे. जातीवरून अपमान केलेला असेल तर शाळेला लेखी द्या, तोंडी नको, आणि 1989 चा अॅट्रॉसिटी कायदा आहे हे शाळेला माहीत असतं, तुम्हालाही माहीत आहे एवढं त्यांना कळू द्या. मुलंच आहेत, चेष्टा केली असेल, असं कोणी म्हणालं तर तिथे थांबू नका.

घरी कसं कळणार? शाळेत कोणी त्रास देतं का असं विचारलं तर उत्तर नाही येणार, सातवीतलं पोरगं तर मुळीच सांगणार नाही. त्यापेक्षा बारीक विचारा. आज डबा कोणाबरोबर खाल्लास, व्हॅनमधे कोणाशेजारी बसलास, पीटीला टीम पाडल्या तेव्हा तुला कितव्या नंबरला घेतलं, ऑफ तासाला काय केलं. हे सगळं एकाच दिवशी नको, पोलिसी चौकशी वाटते. भांडी आवरताना, गाडीवर जाताना एखादा प्रश्न टाकायचा आणि गप्प बसायचं.

मी पालकांना पाण्याची बाटली बघायला सांगते. भरून दिलेली बाटली रोज भरलेलीच परत येते का? कारण पोरं पाणी पीत नाहीत म्हणजे टॉयलेटला जावं लागत नाही, आणि टॉयलेट ही शाळेतली अशी जागा आहे जिथे कोणी मोठं माणूस नसतं. कंपासमधलं सामान सारखं हरवणं, डबा तसाच परत येणं, व्हॅन सोडून रिक्षाने जाऊ दे म्हणणं, हे पण. आणि हुशार पोरांचं खास लक्षण म्हणजे ती मुद्दाम चुकायला लागतात. येणारं गणित सोडून देतात, हात वर करायचं बंद करतात, स्कॉलरशिपला बसायचं नाही म्हणतात, सर्टिफिकेट दप्तराच्या तळाशी चुरगळून ठेवतात. माझ्या वर्गात एका पोराने सगळी कच्ची आकडेमोड बरोबर करून उत्तर चुकीचं लिहिलेलं होतं, सलग तीन गणितांना. कच्चं काम बघायची सवय असल्यामुळे सापडलं, नुसतं उत्तर बघितलं असतं तर अभ्यास कमी पडतोय म्हणून पोराला ट्यूशन लावा असं सांगून मोकळी झाले असते.

मस्करी आणि त्रास यात फरक कसा करायचा हे पण विचारतात. नॉर्वेत डॅन ओल्वेअस नावाच्या मानसशास्त्रज्ञाने आयुष्यभर याच विषयावर काम केलं, त्यांच्या हिशोबात मुद्दाम केलेलं, परत परत होणारं आणि समोरच्याला तोडीस तोड उत्तर देता येत नाही असं असेल तर तो त्रास. आपली घरगुती परीक्षा अशी, आज याने त्याची टोपी उडवली आणि उद्या त्याने याची, दोघं हसतात, तर चालू द्या. टोपी रोज एकाचीच उडत असेल तर लक्ष घाला.

कळल्यावर पहिल्या दहा मिनिटांत तोंडातून काय निघतं त्यावर बरंच ठरतं. दुर्लक्ष कर म्हणू नका, ते पोरगं महिनोन् महिने तेच करत आलेलं असतं. तू पण दे एक ठेवून असं बहुतेक बाबा म्हणतात, आणि पाच जणांसमोर एकटं पोरगं ठेवून काय देणार, वर पकडलं गेलं तर शिक्षा त्यालाच. ते जळतात तुझ्यावर हे सुद्धा नको, कारण पोरगं मग सगळ्यांनाच तुच्छ समजायला लागतं आणि आणखी एकटं पडतं. त्या मुलाच्या आईला फोन तर अजिबात लावू नका, दोन आया भांडतात आणि उद्या वर्गात आईला सांगितलं, आईला सांगितलं म्हणून नवीन चिडवणं सुरू. बरं झालं सांगितलंस, आपण दोघं मिळून बघू, तुला विचारल्याशिवाय मी काही करणार नाही, इतकंच म्हणा. आणि खरंच विचारल्याशिवाय करू नका, फक्त मारहाण, अंगाला हात लावणं किंवा जीव देण्याची भाषा असेल तर तेव्हा थांबायचं नाही हे पोराला आधीच सांगून ठेवा.

मग एक वही करा. तारीख, तास कुठला, जागा, कोण काय म्हणालं जसंच्या तसं, आणि आजूबाजूला कोण होतं. हे शेवटचं महत्त्वाचं, बघे कोण होते. कॅनडात टोरांटोच्या शाळांच्या मैदानावर संशोधकांनी मुलांना माईक लावून आणि लांबून कॅमेऱ्याने टिपून हे बघितलं होतं, 2001 साली छापलंय. दहातल्या जवळजवळ नऊ वेळा दुसरी मुलं बघत उभी होती, मधे पडली ती पाचात एखाद्या वेळेला, पण जेव्हा मधे पडली तेव्हा निम्म्याहून जास्त वेळा दहा सेकंदांत प्रकार थांबला. फिनलंडमधे तुर्कू युनिव्हर्सिटीने शाळेतली दादागिरी थांबवायला कीवा नावाचा कार्यक्रम काढला, 2009 पासून तिथल्या शाळांत आला, त्याचा मुख्य भर या बघ्यांवर आहे. दादागिरी करणाऱ्याला हसणारे लागतात, ते हसायचे थांबले की त्यातली मजा जाते.

म्हणून तुमच्या पोराला आख्ख्या वर्गात पॉप्युलर करायच्या भानगडीत पडू नका, एक जण पुरे. वहीत नावं आहेत त्यातला कोण हसत नाही, कोण खाली बघतो, हे पोराला विचारा, त्याला बरोबर माहीत असतं. त्या मुलाला रविवारी घरी बोलवा, काही कारण काढा, प्रोजेक्ट म्हणा, कॅरम म्हणा, मिसळ खायला म्हणा. वर्गशिक्षकांना सांगून दोघांना एका बाकावर बसवता येतं का बघा, याला बहुतेक शिक्षक तयार होतात.

उलट उत्तराची घरी प्रॅक्टिस करा. बाबांनी चिडवणारा व्हायचं, पोराने उत्तर द्यायचं, आणि उत्तर लहान, सपाट आवाजात, डोळ्यात बघून, मग तिथून चालू पडायचं. ए स्कॉलर. हं, बोल, काय पाहिजे? बस. पुस्तकी, लांबलचक, समोरच्याची अक्कल काढणारं उत्तर हुशार पोरांना सुचतं फार छान, आणि त्यानेच मार खातात. रडू आलं तर काय करायचं हे पण ठरवून ठेवा, लायब्ररीत जायचं की अमुक मॅडमकडे जायचं.

गृहपाठाची वही हा वेगळा धडा आहे. वही दे नाहीतर बघ, हे रोज सकाळी प्रार्थनेआधी चालतं. नियमाने कधीच देऊ नको म्हणावं असं पुस्तकात लिहितात, पण मी म्हणेन मित्राला एखाद्या वेळेला दिली तर आभाळ कोसळत नाही. धमकी देऊन मागतो त्याला मात्र देऊ नये, त्याऐवजी वही नाही देत, मधल्या सुट्टीत सांगतो कसं करायचं, एवढं म्हणायचं. त्याला समजून घ्यायचंच नसतं त्यामुळे बऱ्याचदा तो नाद सोडतो, आणि कधी कधी खरंच बसतो समजून घ्यायला, मग गंमतच होते.

शाळेत जाताना गेटवर, शाळा सुटताना, वर्गाच्या दारात बोलू नका. वर्गशिक्षकांकडून पंधरा मिनिटं मागून घ्या. तुमच्या वर्गात गुंडगिरी चालते अशी सुरुवात केलीत तर आम्ही पण माणसंच आहोत, लगेच बचावाला लागतो. वही उघडा आणि सांगा, मंगळवारी पाचव्या तासानंतर जिन्यात हे झालं, गुरुवारी परत. मागणी पण ठोस ठेवा, बाकाची जागा बदला, मधल्या सुट्टीत जिन्यापाशी कोणीतरी उभं राहा, टॉयलेटकडे शिपाई काकांना चक्कर मारायला सांगा. आणि दोन गोष्टी करू नका म्हणून विनंती करा, एक म्हणजे भर वर्गात पोराला उभं करून कोण कोण त्रास देतं तुला असं विचारणं, दुसरं दोघांना समोर आणून चला शेकहँड करा. शेकहँड होतो, मॅडमचं समाधान होतं, आणि व्हॅनमधे त्याचं व्याजासकट वसूल केलं जातं. त्रास देणाऱ्यांना एकेकटं बोलवून बोलायला हवं, आणि शिक्षकांनी माझ्या लक्षात आलंय असं म्हणावं, त्याने सांगितलंय असं नाही.

दोन आठवड्यांत फरक पडला नाही तर मुख्याध्यापकांना लेखी अर्ज, आणि ऑफिसमधून पोच घ्या, शिक्का आणि आवक क्रमांक असलेली. या एका कागदाने हालचाल होते हो, अनुभव आहे. राज्यातल्या शाळांत मुलांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती करायचा शासन निर्णय 2022 चा आहे, तक्रारपेटी पण असायला हवी, ती कोण उघडतं आणि कधी हे विचारा. सीबीएसईने 2015 मधेच आपल्या शाळांना रॅगिंग-दादागिरीविरोधी समिती करायला सांगितलेलं आहे. शिक्षकच पोराला वर्गासमोर टोचून बोलत असतील, काय रे आइन्स्टाइन वगैरे, तर शिक्षण हक्क कायद्याचं 17 वं कलम मानसिक त्रासालाही बंदी घालतं, ते अर्जात लिहा. शाळेने अर्ज दाबला तर गटशिक्षणाधिकारी किंवा महापालिकेचा शिक्षण विभाग. मुलांच्या मदतीसाठी असलेला चाइल्डलाइनचा 1098 हा नंबर कुठूनही फुकट लागतो, मूल स्वतः पण लावू शकतं, तो पाठ करून घ्या. जगायचं नाही, मी नसतो तर बरं झालं असतं अशी वाक्यं आली तर शाळेचं सगळं बाजूला ठेवा, टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 चोवीस तास असतो, मराठीत बोलता येतं, आणि त्याच आठवड्यात समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञ गाठा.

फोनवरचं वेगळं. सातवी-आठवीच्या पोरांचे ग्रुप असतात, त्यात तुमच्या पोराच्या फोटोचा स्टिकर करून फिरवतात, नाकात बोट, चष्मा मोठा केलेला. पोराला ग्रुप सोडायला लावायच्या आधी स्क्रीनशॉट घ्या, तारीख-वेळ दिसेल असा, नंतर सगळे डिलीट फॉर एव्हरीवन करतात. फोन काढून घेणं ही चूक बरेच जण करतात, म्हणजे त्रास सहन करणाऱ्यालाच शिक्षा, पुढच्या वेळी तो सांगणारच नाही.

शाळेबाहेर एक जागा शोधा जिथे आपलं पोरगं सगळ्यात हुशार नाहीये. हा माझा लाडका उपाय आहे. बुद्धिबळाचा क्लास, ट्रेकिंगचा ग्रुप, तबला, कबड्डी काहीही. पुण्यात असाल तर ज्ञान प्रबोधिनी 1962 पासून हुशार मुलांसाठीच काम करतेय, आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेत शाळकरी मुलांसाठी शनिवारची व्याख्यानं होतात, तिथे ब्लॅक होलबद्दल प्रश्न विचारला तर कोणी हसत नाही, उलट पुढचा प्रश्न शेजारचा विचारतो. लहान गावात वाचनालय बघा, नाहीतर होमी भाभा परीक्षेची तयारी करणारी दोन-चार पोरं एकत्र बसवा, कोणाच्यातरी ओट्यावर.

शाळा बदलायची का? लगेच नाही. पण लेखी देऊनही शाळा हलत नाही, पोरगं जेवत नाही, झोपत नाही, तर बदला, त्यात हरलो वगैरे काही नसतं. शक्यतो वर्षाच्या शेवटी, फारच असेल तर मधेच. आठवीपर्यंत दाखला मागितला की मुख्याध्यापकांनी लगेच द्यायचा असतो, शिक्षण हक्क कायद्यातच आहे, अडवून धरला तर तसं सांगा. नव्या शाळेत आधीचं प्रकरण वर्गशिक्षकांना थोडक्यात सांगा, बाकी कोणाला नाही. आणि पहिल्या दिवशी पोराची ओळख करून देताना, मॅडम हा आधीच्या शाळेत पहिला होता, हे वाक्य तेवढं गिळून टाका.